पाणी प्या म्हणता, पण ताटाचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की आपल्या पेपरात ती चौकट येतेच, दिवसाला आठ ग्लास पाणी प्या म्हणून. चांगलंच आहे, पण ज्यांच्या घरात सत्तरीपुढचं माणूस आहे त्यांना विचारा, कोण पितं एवढं? वय झालं की तहानच कमी लागते, त्यात रात्री उठायला नको म्हणून संध्याकाळनंतर ग्लासाला हातच लावत नाहीत. आमच्या सासूबाईंच्या मागे बाटली घेऊन फिरलं तर त्या वैतागतात, पण वाटीभर ताकभात नाहीतर पातळ कढी पुढे ठेवली की गुपचूप संपवतात. पाणी काही फक्त ग्लासातूनच पोटात जातं असं नाही ना, ताटातूनही जातं, आणि त्याबद्दल कोणी काही लिहीतच नाही.

गंमत म्हणजे या आठ ग्लासांचं मूळ सांगतात ते अमेरिकेतल्या एका सरकारी सल्ल्यात, 1945 च्या. दिवसाला साधारण अडीच लिटर असं त्यात होतं, आणि लगेच पुढे हेही होतं की यातलं बरंचसं पाणी जेवणातूनच मिळतं. आकडा राहिला, पुढचं वाक्य गायब!

आता बघा, काकडीत आणि दुधीत 95 टक्क्यांच्या आसपास पाणी, टोमॅटोतही जवळपास तेवढंच, कलिंगडात 92, दह्यात 85 च्या वर, साध्या भातात सुद्धा 70 च्या जवळ. म्हणजे 200 ग्रॅम काकडी खाल्ली तर जवळजवळ ग्लासभर पाणी चावून खाल्लं. आणि खाखरा, शेव, चिवडा यात पाणी नावापुरतं. बडोद्यात राहून फरसाणाला नावं ठेवायची म्हणजे मार खायची तयारी हवी, पण मे महिन्यात सकाळी चहा-खाखरा, चार वाजता चिवडा, रात्री सुकी भाजी-पोळी असं चाललं तर दिवसभरात जेवणातून पाणी मिळणार किती? वर फरसाणातलं मीठ आहेच.

आपल्याकडे कोशिंबीर करताना काकडी चोचवायची, मीठ लावायचं, मग मुठीत घट्ट पिळायची आणि ते हिरवट पाणी सरळ सिंकमध्ये. अहो, काकडी आणली कशासाठी मग? पाणी सुटायला नको असेल तर मीठ अगदी वाढताना घाला, नाहीतर तेच पाणी ताकात घाला, कणीक भिजवायला घ्या. किसलेल्या दुधीचंही तेच, थालीपिठाला वेगळं पाणी लागतच नाही. चक्का टांगला की खाली जे पाणी गळतं ते तर कढीत फार छान लागतं.

खंडेराव मार्केटच्या बाजूला या दिवसांत टेटी (खरबूज), कलिंगडं, गलेली (ताडगोळे) सगळं येतं. गलेली घेताना बोटाने दाबून बघा, मऊ असली तर आत पाणी असतं, कडक झालेली घेऊ नका, पोटात दुखतं. आणि गाडीवर कापून बर्फावर मांडलेली फळं नकोच, त्या बर्फाचं पाणी कुठलं काय माहीत, जुलाब लागले की मिळवलेलं सगळं पाणी गेलं. डायबिटीस असेल तर कलिंगडाची फोड मोजून खावी. किडनीच्या किंवा हार्टच्या पेशंटला डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर कढी, ताक, फळं हे सगळं त्या मापातच धरायचं, नारळपाणी तर न विचारता द्यायचंच नाही, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला यातलं काहीच नको, वरचं पाणी सुद्धा नको, आईच्या दुधात ते पुरेसं असतं, आजी लोकांनी हे मनावर घ्यावं.

आता मुद्द्याचं. आपल्या पुरवणीतल्या पाककृतींमध्ये एप्रिल-मे मध्ये पण चीज कटलेट आणि कुरकुरीत अमुकतमुक येतं. त्याऐवजी जून संपेपर्यंत दर आठवड्याला एक तरी पातळ पदार्थ द्या ना, टोमॅटोचं सार, दुधीची ताकातली भाजी, पन्हं, फजिता (आंब्याची कढी), मठ्ठा. वाचकांकडून मागवा, आमच्या दांडिया बाजारातल्या बायकाच महिनाभर पुरतील एवढ्या रेसिपी पाठवतील.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा