विकास सोसायट्यांचे संगणकीकरण : मा. सहकार मंत्र्यांना खुले पत्र

मा. सहकार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

लहान-मोठ्या कारखान्यांत ईआरपी, म्हणजे सगळा कारभार एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर, बसवणे हा माझा व्यवसाय, आणि गावच्या विकास सोसायटीचा मी सभासद आहे. या दोन्ही नात्यांनी हे पत्र.

जून 2022 मध्ये केंद्राने देशातल्या 63 हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्याकडच्या विकास सोसायट्यांसारख्या संस्थांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली, 2,516 कोटी रुपयांची. सॉफ्टवेअर नाबार्डमार्फत, सगळ्यांना एकच. आपल्या राज्यातल्या हजारो सोसायट्या त्यात आहेत. हे काम व्हायलाच हवे होते.

काळजी वाटते ती मोजमापाची. किती संस्था गो-लाइव्ह झाल्या, म्हणजे नव्या सॉफ्टवेअरवर काम करू लागल्या, हाच आकडा पुढे केला जातो. कारखान्यात मी पाहिले आहे की सॉफ्टवेअर सुरू होणे अवघड नसते. घोडे अडते ते ओपनिंग बॅलन्सपाशी, म्हणजे जुन्या वहीतून नव्या यंत्रात आणायच्या सुरुवातीच्या शिल्लकांपाशी.

सोसायटीची कर्जखतावणी उघडून पाहा. खाते आजोबांच्या नावावर, सातबारा नातवाच्या नावावर, वारसनोंद अर्धवट. 2017 आणि 2019 च्या कर्जमाफीची रक्कम सोसायटीला कर्ज पुरवणाऱ्या जिल्हा बँकेने एका तारखेला जमा धरली, सोसायटीने दुसऱ्या. मधल्या दिवसांचे व्याज कुणाच्या माथी, हे ठरलेलेच नाही. असे फरक वर्षानुवर्षे साचतात. सभासदांकडून येणे कमी आणि जिल्हा बँकेचे देणे जास्त, या अनिष्ट तफावतीत ते भर घालतात. आता हा सगळा डेटा महिना-दोन महिन्यांत भरायचा म्हटल्यावर सोसायटीचे हिशेब लिहिणारा गटसचिव काय करणार? तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची बेरीज, जुळत नसेल, तर उरलेली रक्कम सस्पेन्सला, म्हणजे हिशेब न लागलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्याला, टाकून मोकळा होणार. पडद्यावर ताळेबंद जुळतो आणि जुना घोळ नव्या यंत्रात कायमचा मुरतो.

यात गटसचिवाला दोष देता येत नाही. एकेकाकडे अनेक सोसायट्या आहेत. दिवसा पीककर्ज आणि वसुली, रात्री नेट मिळाले तर एंट्री, शिवाय हाताने लिहायची किर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वहीही चालूच. पण कुठल्या खात्यामागे काय घडले हे माहीत असलेला माणूस तोच आहे. अशा माणसाला वगळले की काय होते ते पाहा : कॅनडा सरकारने 2016 मध्ये फिनिक्स ही पगारप्रणाली आणली. पगार विभागातले जुने जाणते कर्मचारी आधीच कमी केले, प्रायोगिक चाचणीही रद्द केली. हजारो सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार चुकले, आणि ते निस्तरायला वर्षे गेली.

म्हणून विनंती अशी की सोसायटीची प्रत्येक कर्जशिल्लक जिल्हा बँकेच्या नोंदीशी आणि सभासदाच्या सहीशी ताडून पाहिल्याशिवाय ती संस्था पूर्ण झाली असे धरू नये. त्यासाठी तालुक्याला लेखापरीक्षणाची जाण असलेली दोन माणसे द्या, नुसता हेल्पलाइन नंबर नको. जुळवाजुळव संपली की हाताची किर्द बंद करण्याचा लेखी आदेश काढा. दोन्हीकडे लिहावे लागते तोवर माणूस वहीवरच विसंबतो, हे मी प्रत्येक कारखान्यात पाहिले आहे.

आणि पुढच्या आढावा बैठकीत गो-लाइव्हच्या आधी एक आकडा मागवा : कुठल्या जिल्ह्यातल्या सोसायट्यांच्या सस्पेन्स खात्यात आज किती रक्कम पडून आहे.

आपला विश्वासू,
विकास सोसायटीचा एक सभासद