ओसीडीच्या उपचारासाठी नाशिक का गाठायचं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या खान्देशात तालुक्याच्या गावी ओसीडीची, म्हणजे मंत्रचळाची (तीच शंका मनात घोळत राहते आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते, त्या आजाराची), गोळी लिहून मिळते. त्या गोळीच्या जोडीला जी थेरपी लागते, ती मात्र मिळत नाही. हे मी अमळनेरची एक आई म्हणून लिहिते आहे.

माझी मुलगी अकरावीत आहे. आमच्या गल्लीत नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि तिला कडीला हात लागला तरी कोपरापर्यंत हात धुवावे लागत. बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त यायचं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "हाई बाहेरनं शे." उतारे झाले, गंडे झाले. डॉक्टरांनी गोळी दिली. तिचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, हे आम्हाला मेडिकलवाल्याकडून कळलं. म्हणून ती सोडली नाही. कित्येक घरांत ती पंधरा दिवसांत बंद होते.

खरा फरक पडला तो नाशिकच्या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या थेरपीने. भीती वाटते ती गोष्ट करायची आणि त्यानंतरचा विधी, म्हणजे हात धुण्यासारखी कृती, करायचा नाही, एवढंच तिचं सूत्र. १९६६ साली व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये ती मांडली, म्हणजे पद्धत काही कालची नाही. सोप्यापासून अवघडापर्यंत यादी करायची. पहिल्या पायरीला मुलीने चप्पल उचलली आणि हात न धुता बसली. भीती शंभरपैकी किती, ते दर पाच मिनिटांनी वहीत लिहायचं. ऐंशी, पंच्याऐंशी, मग सत्तर, पन्नास. पाण्याशिवाय आकडा खाली आला, हे तिने स्वतःच्या अक्षरात पाहिलं. "आई, स्वच्छ झाले ना गं?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, हे आम्हा घरच्यांनाही शिकवलं. फार जड जातं ते.

हा आजार बऱ्याचदा किशोरवयातच सुरू होतो, पण मोठ्यांनाही सोडत नाही. माझे दीर मोटारीचा स्टार्टर बंद केला की नाही, या शंकेने रात्री अर्ध्या वाटेवरून शेतात परत जातात. त्यांना दर आठवड्याला धुळेमार्गे एसटीने नाशिकला कोण नेणार? एक दिवसाची मजुरी बुडते, भाडं वेगळं. पुढची सत्रं फोनवर होतात म्हणतात, पण शेतात रेंज नाही आणि घरात आडोसा नाही.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं, कधीही. ते जरूर वापरावं. पण चप्पल उचलायला लावून शेजारी बसणारं माणूस फोनवर मिळत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १८ ने सरकारी खर्चाच्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. तेव्हा उपजिल्हा रुग्णालयांत निदान आठवडे बाजाराच्या दिवशी या थेरपीचं प्रशिक्षण घेतलेले मानसशास्त्रज्ञ बसावेत. वर्गात एकच ओळ खोडून पुन्हा पुन्हा लिहिणारं मूल दिसलं तर त्याला रागावण्याआधी कुठे पाठवायचं, हे शाळांनाही कळवावं. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हा शल्यचिकित्सकांपर्यंत ही मागणी आपल्या सदरातून पोचावी, ही विनंती.

आपली,
एक आई, अमळनेर
(मुलीसाठी नाव छापू नये.)