नोट्स जुन्या, प्रणाली नवी

महोदय,
'लिनक्ससारखी मुक्त प्रणाली वापरा, परवान्याचे पैसे वाचवा' हा सल्ला सगळेच देतात. तिची कागदपत्रे ताजी कोण ठेवतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी एका तंत्रनिकेतनात संगणक प्रयोगशाळा सांभाळतो. मुलांच्या झेरॉक्स नोट्समध्ये अजून 'आयएफकॉन्फिग' ही नेटवर्क तपासायची जुनी आज्ञा आणि 'ईटीएच०' हे नेटवर्क कार्डाचे जुने नाव ठाण मांडून आहेत. डेबियन या लिनक्स प्रणालीने २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून ही आज्ञा मूळ इन्स्टॉलेशनमधून वगळली. आता तिच्याऐवजी 'आयपी' ही आज्ञा चालवायची. नेटवर्क कार्डाचे नावही 'ईएनपी३एस०' असे येते, म्हणजे संगणकात कार्ड जिथे जोडलेले असते ती पीसीआय बस क्रमांक ३, स्लॉट क्रमांक ०. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या सर्व्हरवर तर नेटवर्कचे सेटिंग नेटप्लॅन नावाच्या साधनाच्या फाइलीत गेले. तिथे ओळीआधीची एक स्पेस चुकली, की बसा शोधत!

ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीचे लोक मॅन पेजमधली, म्हणजे आज्ञेच्या माहितीपानातली, चूक गंभीर बग मानतात. हट्टी आहेत, पण मला पटतात.

तंत्रशिक्षण मंडळाने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात डेबियन विकीवरचे नेटवर्कचे एखादे जुने पान दुरुस्त करणे ग्राह्य धरावे. प्रत्येक आज्ञा ताज्या इन्स्टॉलेशनवर चालवून पाहायची, मगच पान बदलायचे. दरवर्षीच्या त्याच हजेरी ॲपपेक्षा हे काम कितीतरी अवघड आहे.

— एक प्रयोगशाळा साहाय्यक, सांगली