न सांगता केलेला समुद्रप्रवास

बेलव्ह्यू,
३० ऑगस्ट

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

या पत्राची सुरुवात कबुलीने करावी लागत आहे. ऑगस्टच्या मध्यावर आठवडाभर आमचा फोन लागत नव्हता आणि ‘आम्ही डोंगरात फिरायला जात आहोत, तिथे रेंज नसते’ असे मी आधीच सांगून ठेवले होते. डोंगर होते आणि रेंजही नव्हती, एवढे खरे. परंतु त्या डोंगरांत आम्ही मोटारीने गेलो नव्हतो, जहाजाने गेलो होतो. सिअ‍ॅटलहून निघून अलास्काच्या आग्नेय किनाऱ्याने वर जायचे, बेटांमधल्या चिंचोळ्या खाड्यांतून फिरायचे आणि परत सिअ‍ॅटलला यायचे, असा तो सात रात्रींचा प्रवास होता. जहाजावर इंटरनेट विकत मिळत होते, पण ते आम्ही मुद्दामच घेतले नाही, कारण व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे समुद्र दिसला असता तर आई, तू त्या सातही रात्री झोपली नसतीस.

आमच्या लग्नाला दहा वर्षे झाली म्हणून समीरने हा बेत ठरवला. खर्चाचा आकडा मी बाबांना फोनवर सांगेन, तुला सांगणार नाही. खोली आम्ही बिनखिडकीची, सर्वांत स्वस्त घेतली होती, एवढे मात्र नमूद करते.

तुझ्या माहेरी बोटीचे नाव काढायचे नाही, हा दंडक मी लहानपणापासून पाहिला आहे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, त्यांत आजीचा थोरला भाऊ होता. सगळे लोक घाबरून एका बाजूला धावले आणि बोट कलंडली, रेवसच्या कोळ्यांनी आपली मासळी समुद्रात फेकून दिली आणि जिवंत सापडली तेवढी माणसे होड्यांत घेतली, हे आजी सांगत असे तेव्हा तिचा हात नेहमी पदराच्या टोकाशी चाळा करीत असे. मांडव्याला जायचे असले तरी तू वडखळवरून एस.टी.चा वळसा घेतेस, लाँचने जात नाहीस. म्हणून मी खोटे बोलले. आता सुखरूप परत आल्यावर खरे सांगण्यात धोका नाही, असा हिशेब मी केला आहे. तो तुला पटेल असे नाही.

बाबांचा पहिला प्रश्न यंत्राचा आणि बंदोबस्ताचा असणार, म्हणून ते आधी लिहिते. जहाज धक्का सोडण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाला आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी द्यावी लागते. जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे आणि भोंगा झाला की कोठे जमायचे, हे समजून घेतल्याखेरीज जहाज हलत नाही. अलास्काच्या खाड्यांत शिरल्यावर जहाजावर तिथले स्थानिक पायलट, म्हणजे त्या पाण्याचे वाटाडे, चढतात, कारण परदेशी जहाजांना त्यांच्यावाचून त्या पाण्यात जाता येत नाही. आणखी एक गंमत तुम्हांला आवडेल. अमेरिकेत १८८६ साली झालेल्या एका कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकन बंदरातून उतारू घेऊन, मध्ये कोणत्याही परक्या देशात न थांबता, अमेरिकन बंदरात सोडता येत नाही. त्यामुळे सिअ‍ॅटलची ही सारी जहाजे परतीच्या वाटेवर कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळी काही तास टेकतात, आणि आपल्या पासपोर्टवाल्यांना त्या काही तासांसाठी कॅनडाच्या व्हिसाची वेगळी तजवीज करावी लागते. आगारात वरून आलेली जुनी परिपत्रके तुम्ही आम्हांला हसत वाचून दाखवीत होता, त्यांची मला आठवण झाली.

पहिली रात्र आणि दुसरा दिवस वाईट गेला. जहाज व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जाते आणि तिथे ते सावकाश, पण थांबण्याचे नाव न घेता डोलत राहते. तो श्रावणी सोमवार होता. उपवास करावा की नाही, याचा विचार करण्याची वेळच माझ्यावर आली नाही. दिवसभरात पोटात दोन हिरवी सफरचंदे आणि आल्याचा तुकडा एवढेच टिकले. ती सफरचंदे मला मडगावकडच्या एका वाढप्याने आणून दिली. गोव्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर चाकरी करतात आणि गावाकडे त्यांना ‘तारवटी’ म्हणतात, हे त्याच्याकडूनच कळले. मी मराठीत बोलत होते, तो कोकणीत बोलत होता आणि कोणाचेही काही अडले नाही. पुढे रोज रात्री तो आमच्या टेबलावर न मागता वरण-भात आणून ठेवीत असे, तेव्हा जेवणाची काळजी करू नकोस.

तिसऱ्या दिवशी जूनोला पोहोचलो. जूनो ही अलास्काची राजधानी आहे आणि बाहेरून तिथे जाणारा एकही मोटाररस्ता नाही. डोंगर आणि बर्फ यांनी तिला मागून असे कोंडले आहे की यायचे तर पाण्यातून किंवा आकाशातून. तिथे आम्ही (हेही आता सांगूनच टाकते) आणखी लहान बोटीतून देवमासे पाहायला गेलो. कुबडे देवमासे हिवाळ्यात हवाईजवळच्या कोमट पाण्यात पिलांना जन्म देतात, तिथे त्यांना जवळजवळ काही खायला मिळत नाही, म्हणून हजारो किलोमीटर पोहून उन्हाळ्यात ते या थंड पाण्यात पोट भरायला येतात. आम्ही पाहिलेले सहा-सात देवमासे मिळून शिकार करीत होते. आधी पाण्यावर बुडबुड्यांचे एक मोठे कडे उमटले, कोणीतरी खालून परीघ आखावा तसे. हेरिंग नावाचे लहान मासे ते बुडबुडे ओलांडायला घाबरतात आणि मध्ये गोळा होतात. वर समुद्रपक्ष्यांचा कालवा वाढत गेला आणि एकाएकी त्या कड्याच्या मधोमध सगळे देवमासे जबडे उघडून एकदम वर आले. त्यांच्या श्वासाचा वास आमच्यापर्यंत आला; उन्हात विसरलेल्या सुक्या बोंबलांच्या टोपलीचा असतो, अगदी तसा. समीरने नाकाला रुमाल लावला. मला मात्र क्षणभर घरी आल्यासारखे वाटले.

त्या रात्री जहाज जूनोहून स्कॅगवेला निघाले आणि ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसले, ती त्या रात्रीची आहे. ही वाट लिन कॅनाल नावाच्या लांबलचक खाडीतून जाते. नाव कॅनाल असले तरी तो कोणी खणलेला कालवा नाही. हिमनदीने कोरलेली ती खोल दरी आहे आणि तीत समुद्र शिरला आहे. जूनोच्या एका दुकानात मी त्या खाडीची हकिगत वाचली होती. स्कॅगवेहून दक्षिणेला निघालेले ‘प्रिन्सेस सोफिया’ हे जहाज २४ ऑक्टोबर १९१८ च्या पहाटे हिमवादळात वाट चुकून व्हँडरबिल्ट नावाच्या खडकावर चढले. जहाज खडकावर सरळ बसले होते आणि मदतीला आलेल्या बोटी जवळ उभ्या होत्या. पण लाटा अशा होत्या की माणसांना होड्यांत उतरवले तर होड्याच खडकावर फुटतील, म्हणून कप्तानाने समुद्र शांत होण्याची वाट पाहायचे ठरवले. ती वाट चाळीस तासांच्या आसपास पाहिली गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वादळ वाढले, जहाज खडकावरून सरकले आणि बुडाले. साडेतीनशेच्या आसपास माणसे होती, त्यांतले एकही वाचले नाही. मेलेल्यांची प्रेते घेऊन एक जहाज व्हँकुव्हरला पोहोचले तो ११ नोव्हेंबरचा दिवस होता, म्हणजे पहिले महायुद्ध संपल्याचा. गाव रस्त्यावर येऊन नाचत होते. ‘रामदास’ बुडाली आणि महिन्याभरात देश स्वतंत्र झाला, हे मला तेव्हा आठवले. आजी १५ ऑगस्टला कधी झेंडावंदनाला गेली नाही आणि आम्ही मुले तिला त्यावरून चिडवीत होतो, हेही आठवले.

मध्यरात्रीच्या सुमारास मी डेकवर गेले. समीर म्हणाला, ‘उगाच कशाला जातेस?’ पण पाठोपाठ दोघांच्या शाली घेऊन आला. सेंटिनेल बेटावरच्या दीपगृहाचा दिवा ठरावीक अंतराने चमकत होता आणि त्याच्यापलीकडे, त्या खडकाच्या बाजूला, काळोखाशिवाय काही नव्हते. पाणी इतके स्थिर होते की जहाज चालले आहे, हे दिवा मागे सरकत होता म्हणूनच कळत होते. आई, मला तिथे भीती वाटली, हे मी लपवीत नाही. ती खडकाची नव्हती. तीन हजार माणसांपैकी बहुतेक सगळी खाली नाटक पाहत होती किंवा झोपली होती, आणि पाण्याखाली काय आहे हे कोणाच्या गावीही नव्हते, याची होती. मी रामरक्षा म्हटली. निम्म्यावर अडखळले, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

स्कॅगवेबद्दल थोडक्यात लिहिते. १८९७-९८ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यासाठी धावलेल्या लोकांचे ते गाव आहे. माणशी वर्षभराची शिधासामग्री, म्हणजे जवळजवळ एक टन ओझे, बरोबर असल्याखेरीज कॅनडाचे पोलीस कोणाला खिंडीपलीकडे सोडत नव्हते. पुढे १८९८ ते १९०० या काळात तिथे अरुंद रुळांची रेल्वे बांधली गेली, ती आज प्रवाशांना वर नेते. समुद्रसपाटीपासून बत्तीस किलोमीटरांत ती जवळजवळ २,९०० फूट चढते. बाबा, तिचे रूळ तीन फूट अंतराचे आहेत आणि आपल्या माथेरानच्या गाडीचे दोन फूट. वळणे मात्र आपलीच अवघड आहेत, असे माझे मत झाले. समीरला ते मान्य नाही, पण तो माथेरानला एकदाच आणि तोही घोड्यावरून गेला आहे.

ग्लेशियर बेमध्ये मात्र आमचा वाद थांबला. या उपसागरात दिवसाला मोठी प्रवासी जहाजे दोनच सोडतात आणि सकाळी राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर होडीतून येऊन जहाजावर चढतात. त्यांनी सांगितले की १७९४ मध्ये इंग्रज दर्यावर्दी येथे आले तेव्हा उपसागर जवळजवळ नव्हताच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आले तोवर ती चाळीस मैलांहून अधिक मागे हटली होती आणि आज तिथवर जायला साठ मैलांहून अधिक आत जावे लागते. त्याच्याही आधी ही भूमी हूना क्लिंगिट लोकांची होती. त्यांच्या गावांवर हिमनदी धावत्या कुत्र्याच्या वेगाने चालून आली आणि त्यांना घरे सोडावी लागली, असे त्यांच्या परंपरेत सांगतात. बर्फ नंतर मागे गेला, पण त्यांची गावे काही परत मिळाली नाहीत.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबले आणि कर्णे बंद झाले. समोर सुमारे दीड किलोमीटर रुंदीची, पाण्यावर अडीचशे फूट उभी असलेली भिंत होती. ती पांढरी असेल असे मला वाटले होते. पण तिच्या भेगांतला रंग नवीन नीळ घातलेल्या बादलीतल्या पाण्याचा होता. बर्फ दाबाने इतका घट्ट होतो की तो प्रकाशातला तांबडा भाग गिळतो आणि निळा तेवढा बाहेर सोडतो. पाणी मात्र दुधाळ होते, कारण हिमनदी डोंगर पिठासारखा दळून त्यात सोडते. बराच वेळ काही झाले नाही. मग भिंतीचा एक बुरूज, आपल्या वाड्याएवढा, आवाज न करता खाली सरकला; तो पाण्यात गेला, फवारा उडाला आणि त्यानंतर, सगळे संपल्यावर, गडगडाट आमच्यापर्यंत पोहोचला. डेकवर शेकडो माणसे होती आणि कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. एका तरंगत्या तुकड्यावर सील पडला होता; लाट त्याच्यापर्यंत आली तेव्हा त्याने मान वर केली, इकडे-तिकडे पाहिले आणि पुन्हा ठेवली.

केचिकनला पाऊस होता. तिथे वर्षाला ३८० सेंटिमीटरांच्या आसपास पडतो, म्हणजे अलिबागेपेक्षा कितीतरी अधिक. फरक एवढाच की आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि त्यांचा बारा महिने चालतो. गावातल्या ओढ्यात सामन मासे प्रवाहाविरुद्ध चढत होते. ज्या ओढ्यात जन्मले, तिथल्या पाण्याचा वास ओळखून ते समुद्रातून परततात, अंडी घालतात आणि मरतात. परतू लागले की ते खाणेही सोडतात, त्यामुळे त्यांच्या अंगाची साले निघालेली होती, शेपट्या झिजल्या होत्या, तरी ते त्याच पायरीवर पुन्हा पुन्हा उडी मारीत होते. समीर म्हणाला, ‘तू दर डिसेंबरला तिकिटे शोधत बसतेस, तशी दिसतात ही.’ मी त्याच्याशी तासभर बोलले नाही.

फोटो वेगळ्या पाकिटाने पाठवीत आहे. बाबा, आधी तुम्ही पाहा आणि लहान बोटीतले काढून ठेवा. गुडघ्याचे तेल संपत आले असेल तर कळवा, डिसेंबरमध्ये येताना आणीन.

आई, तुला रागावायचे असेल तितके रागाव. मात्र माझे एक काम कर. त्या रात्री डेकवर रामरक्षा झाल्यावर आजीच्या भावाचे नाव घ्यावे असे माझ्या मनात आले आणि ते मला ठाऊकच नाही, हे ध्यानात आले. आजी नेहमी ‘आमचा दादा’ म्हणत असे, आणि पुढे आपण कोणी विचारले नाही. त्यांचे नाव काय होते, वय किती होते आणि त्या दिवशी ते मुंबईहून घरी कशासाठी येत होते, हे तुला ठाऊक असेल तेवढे मला लिहून पाठव. फोनवर सांगू नकोस, पत्रातच लिही.

समीरचा साष्टांग नमस्कार.

तुमची,
मृणाल