पार्कर यांची गोष्ट मुलांपर्यंत जावी

महोदय,

सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ या भारतीय यानाविषयी आपल्याकडे अभिमानाने लिहिले जाते. त्यावरची ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने घडवली, म्हणून ते रास्तच आहे. पण ज्या सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्यातून बाहेर वाहणाऱ्या तप्त वायूचा, अभ्यास हे यान करते, त्याचे गणित मांडणाऱ्या युजीन पार्कर यांचा उल्लेख या लेखांत क्वचितच सापडतो.

१९५८ मध्ये शिकागो विद्यापीठातील या तरुण संशोधकाने दाखवले, की सूर्याचा प्रभामंडल, म्हणजे त्याच्याभोवतीचा बाहेरचा वायूचा थर, लाखो अंश तापलेला असल्याने सूर्याचे गुरुत्वाकर्षण तो वायू कायमचा धरून ठेवू शकत नाही. तो ध्वनीपेक्षा अधिक वेगाने सतत बाहेर वाहतो. शोधनिबंध तपासणाऱ्या दोन्ही तज्ज्ञांनी तो नाकारला. नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यम चंद्रशेखर. कल्पना त्यांनाही पटली नव्हती, पण गणितात चूक दिसेना, म्हणून त्यांनी निबंध छापला. संपादकाचा हा मोठेपणा मला फार मोलाचा वाटतो. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ या यानाने तो वारा प्रत्यक्ष मोजला.

२०१८ मध्ये पार्कर यांच्याच नावाचे यान सूर्याकडे झेपावले. नासाने हयात व्यक्तीचे नाव यानाला देण्याची ती पहिलीच वेळ होती. एक्क्याण्णव वर्षांचे पार्कर ते उड्डाण पाहायला हजर होते. २०२२ मध्ये ते गेले.

आपल्या विज्ञान पुरवणीत शाळकरी मुलांसाठी त्यांच्यावर सविस्तर लेख द्यावा, ही विनंती.

– एक विज्ञानशिक्षिका, सातारा