विषय: न विचारता बसवलेलं हलकं फ्लायव्हील आणि घाटात बंद पडणारी गाडी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझी डिझेल गाडी मॅन्युअल, पाच गिअरांची, ९२ हजार किलोमीटर चाललेली. क्लच घसरायला लागला म्हणून २ जुलैला तुमच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये दिली. जॉब कार्डवर तीनच वस्तू होत्या: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. चौथ्या दिवशी हातात ४१,२०० रुपयांचं बिल आलं, त्यात चौथी वस्तू फ्लायव्हील, म्हणजे इंजिन आणि क्लचच्या मधलं जड चाक. मला फोन नाही, मेसेज नाही. विचारल्यावर सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाले, "जुनं गेलं होतं सर, नवीन हलकं घातलंय. पिकअप बघा आता!"

पिकअप बघितला. पर्वरीच्या सपाट रस्त्यावर इंजिन पटकन उसळी घेतं, ते कबूल. पण आमचं बेळगावला जाणं-येणं असतं. पुढच्याच रविवारी केरीच्या वर, चोर्ला घाटातल्या एका वळणावर, पुढच्या ट्रकमागे थांबलो. क्लच सोडला, गाडी बंद. परत सुरू केली, परत बंद. तिसऱ्यांदा बंद पडून गाडी मागे सरकली, तेव्हा बायको पावसात उतरली आणि मागच्या चाकाला धोंडा लावला. शेवटी इंजिन नको तितकं रेस करून, हाफ क्लचवर गाडी वर चढवली. नव्या क्लच प्लेटचा वास काच बंद असूनही आत येत होता. याच वळणावर ही गाडी सात वर्षांत एकदाही बंद पडली नव्हती.

सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी असली की गिअरबॉक्समधून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. क्लच दाबला की थांबतो, सोडला की पुन्हा सुरू. वर्कशॉपमध्ये ऐकवलं तर उत्तर मिळालं, "डिझेल आहे, आवाज करणारच."

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवून निवृत्त झालो, म्हणून जुने पार्ट मागून घेतले होते. जुनं फ्लायव्हील नव्याच्या खोक्यात घालून दिलं होतं. खोक्यावर नव्याचं वजन छापलंय ६.९ किलो. जुनं मी डिचोलीत भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं: ११.४ किलो. (त्याने लगेच भाव सांगितला. दिलं नाही, पुरावा आहे.) जुनं दोन थरांचं आहे. एक थर धरून दुसरा हाताने पिळला तर आतल्या स्प्रिंगांवर थोडा फिरतो आणि परत येतो. डिझेल इंजिनचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोहोचू नयेत म्हणून तुमच्याच इंजिनिअरांनी ते तसं बनवलं. नवं एकसंध आहे. गिअरबॉक्समधला तो खिळ्यांचा आवाज त्यामुळे येतो.

आता वजनाचं. फ्लायव्हील इंजिनची ताकद वाढवत नाही, कमीही करत नाही. ते फिरण्यातली ऊर्जा साठवतं. चढावर क्लच सोडताना गाडीचा भार एकदम इंजिनवर येतो, तेव्हा हीच शिल्लक कामी येते. ती कमी केलीत, म्हणून आरपीएम धाडकन पडतो आणि गाडी बंद. गिअर बदलतानाही तेच. ॲक्सिलरेटर सोडला की फेरे भराभर उतरतात, पाय जरा उशिरा आला तर झटका. पिकअपचा फायदा तरी किती? माझ्या ढोबळ हिशोबाने साडेचार किलो वाचवणं म्हणजे पहिल्या गिअरमध्ये गाडीतून एक माणूस उतरवल्यासारखं, पाचव्यात चारेक किलोची पिशवी काढल्यासारखं. हा परिणाम गिअरच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो, म्हणजे गुणोत्तर दुप्पट तर परिणाम चौपट. एकाच वेगाने चालणाऱ्या गाडीला तर काहीच फरक नाही. रेसवाल्यांना असं चाक हवंच असतं, पण त्यांना चोर्ल्यात ट्रकमागे थांबावं लागत नाही.

तुमच्या शोरूमच्या मुलाने यावर सुचवलं, "काका, एक्स्चेंज करून ऑटोमॅटिक घ्या." टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं. तिथे फ्लायव्हीलच्या जागी पातळ प्लेट चालते, कारण वजन कन्व्हर्टरचंच असतं, आणि गाडी सुटताना तो टॉर्कही, म्हणजे फिरवण्याचा जोरही, वाढवतो. ती गाडी चढावर अशी बंद पडत नाही, हे खरं. पण त्याने दाखवलेली गाडी एएमटी होती! एएमटी म्हणजे आपलाच मॅन्युअल गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट, तेच फ्लायव्हील. फक्त पायाच्या जागी मोटर. माझी तक्रार दुरुस्त करायची सोडून मला दुसरी गाडी विकण्याचा हा प्रकार मला आवडला नाही.

जुनं फ्लायव्हील झिजलं असेलही, माझा त्यावर वाद नाही. तसं असेल तर मला सांगून, मूळ जातीचंच नवं बसवायला हवं होतं. आता कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनचं दोन थरांचं फ्लायव्हील आणि त्याला जुळणारी क्लच प्लेट बसवून द्या. मजुरी मी देणार नाही, किमतीत फरक असेल तो बिल दाखवून घ्या. हलकं चाक कोणाच्या परवानगीने घातलं, ते लेखी कळवा.

चवथीला बेळगावची मंडळी आणायला जायचंय, तेव्हा पंधरा दिवसांत गाडी दुरुस्त होऊन मिळावी. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाईन. जॉब कार्ड, बिल आणि काट्यावरच्या फ्लायव्हीलचा फोटो सोबत जोडला आहे. जुनं फ्लायव्हील माझ्या पडवीत ठेवलंय, तुमच्या माणसाला येऊन बघता येईल.

आपला,
एक ग्राहक, डिचोली