देवनारच्या कामावर देवनारच्याच माणसांना शिकवून घ्या

महोदय,

देवनार क्षेपणभूमीवर साचलेल्या सुमारे 185 लाख टन जुन्या कचऱ्याची बायोमायनिंग पद्धतीने विल्हेवाट लावण्याचे, दोन हजार कोटींहून अधिक खर्चाचे काम महापालिकेने हाती घेतले आहे, याचे आम्हा गोवंडीकरांना समाधानच आहे. 1927 पासून शहराचा कचरा इथे येतो आणि जानेवारी 2016 मधल्या आगीचा धूर दूरवर पोहोचला तेव्हाच बाकीच्या मुंबईला या डोंगराची आठवण झाली, हे आता उगाळण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो या कामावर कोणाला आणि कोणत्या हुद्द्यावर घेणार, हा.

मी आयटीआयमध्ये फिटर शाखेचा निदेशक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे माझी नजर यंत्रांकडे आधी जाते. जुना कचरा खणून त्याच्या ओळी रचणे, त्यावर जिवाणूंचे द्रावण फवारून तो उलथत राहणे आणि वाळल्यावर ट्रॉमेल नावाच्या फिरत्या चाळण्यांतून माती, दगडविटा, धातू आणि सिमेंटच्या भट्ट्यांत जळण म्हणून जाणारे प्लास्टिक-चिंध्या वेगळे करणे, असे हे काम असते. त्यासाठी पोकलेन चालवणारे, चाळणीवरचे ऑपरेटर, कचरा पुढे सरकवणारे पट्टे आणि बेअरिंग सांभाळणारे फिटर, वजनकाट्यावर नोंद ठेवणारे, मिथेनची पातळी तपासणारे असे कितीतरी हात लागतात. अशा कामांवर साधारणपणे ही माणसे बाहेरून येतात आणि स्थानिकांच्या वाट्याला पट्ट्यापाशी उभे राहून हाताने निवडण्याची रोजंदारी उरते.

आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी वीस वर्षे डंपिंगवर कचरा वेचला आहे. परवा मी त्यांच्या हातात काळ्या प्लास्टिकचा एक तुकडा दिला. त्यांनी तो कानाजवळ नेऊन वाकवला, त्याचा आवाज ऐकला, नखाने ओरखडा काढून पाहिला आणि तो कोणत्या ढिगात जाईल, भंगारवाला त्याला काय भाव देईल, हे चटकन सांगितले. ही पारख मी पदविकाधारकांतही क्वचित पाहिली आहे. पण त्यांची शाळा चौथीत सुटली आणि ऑपरेटरच्या जागेला दहावीची अट असते. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभव तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. ती सर्वांत आधी इथे वापरायला हवी.

नुसत्या प्रमाणपत्राने मात्र काही साधत नाही, हेही अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने वस्तीत तीन दिवसांचा वर्ग घेतला, फोटो काढले, दाखले वाटले. त्यातला एक दाखला आजही प्लास्टिकच्या कव्हरात गॅसच्या ओट्यावर टांगलेला आहे. त्याच्या जोरावर काम मात्र कोणालाही मिळाले नाही. शिवाय ज्या घरात आजची कमाई आजच खर्च होते, त्या घरातला माणूस महिनाभर बिनपगारी वर्गात कसा बसेल? म्हणून प्रशिक्षणाच्या काळात किमान वेतनाइतका भत्ता आणि वर्ग संपल्यावर ठरलेल्या जागा, या दोन्ही गोष्टी कंत्राटाच्या अटींतच लिहिलेल्या असाव्यात आणि त्या पाळल्या नाहीत तर देयकातून कपात व्हावी.

ही मागणी अवास्तव नाही. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि 2008 मध्ये तिच्यातूनच कचरावेचकांच्या मालकीच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. उकिरड्यावर वेचणाऱ्या बायका ओळखपत्र घेऊन दारोदारच्या कचरा संकलनाच्या कामावर आल्या. मुंबईने निदान यंत्रांवरच्या काही जागा तरी राखून ठेवाव्यात.

पावसाळ्यात कचरा ओला असतो आणि चाळणी धड चालत नाही, तेव्हा काम मंदावते. हे चार महिने वर्गासाठी सोयीचे आहेत. महापालिकेने जागा दिली तर पट्टा ताणणे आणि बेअरिंग बदलणे शिकवायला मी विनामोबदला येईन. फक्त आधी कामावरची एक खरी चाळणी उघडून दाखवण्याची परवानगी मिळावी, कारण फळ्यावरच्या आकृतीवरून फिटर तयार होत नाही.

आपला,
एक निवृत्त निदेशक, गोवंडी, मुंबई